ना सासर, ना माहेर : शेजारच्या देशातले बिऱ्हाड

मराठीत लग्नानंतरच्या स्थलांतराला दोनच टोके आहेत : सासर आणि माहेर. मुलगी एका घरातून निघते आणि दुसऱ्या घरात जाते. नवरा घरजावई झाला, तर दिशा उलटते, एवढेच. पण दोघांपैकी कोणाच्याच गावी राहता येत नाही म्हणून तिसऱ्या गावी संसार मांडावा लागला, तर त्याला आपल्याकडे वेगळा शब्द नाही. ‘तिकडे बिऱ्हाड केले’ म्हणायचे आणि पुढे जायचे.

गेल्या तीसेक वर्षांत पश्चिम युरोपात अशी तिसऱ्या गावची बिऱ्हाडे एक ओळखीची गोष्ट झाली आहेत. डॅनिश नवरा आणि आशियाई किंवा आफ्रिकी बायको स्वीडनमध्ये राहतात, ब्रिटिश बायको आणि भारतीय नवरा आयर्लंडमध्ये, डच नवरा आणि मोरोक्कोची बायको बेल्जियममध्ये. यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी बाहेर काढलेले नसते. स्वतःच्या देशाने जोडीदाराला राहण्याचा परवाना दिलेला नसतो आणि शेजारच्या देशात तो मिळण्यासारखा असतो. स्वतःच्या देशात आपल्याला जो हक्क नाही, तो शेजारी परका म्हणून गेल्यावर मिळावा, हे पहिल्या ऐकण्यात विचित्र वाटते. त्यामागे एक सरळ कायदेशीर तर्क आहे आणि त्या तर्काला नाव मिळाले आहे ते एका भारतीय माणसाचे. हा सगळा प्रकार कसा घडला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

नवऱ्याचा देश तोच बायकोचा

१८०४च्या फ्रेंच नागरी संहितेने एक नियम घालून दिला. परदेशी स्त्रीने फ्रेंच पुरुषाशी लग्न केले की ती फ्रेंच होई आणि फ्रेंच स्त्रीने परदेशी पुरुषाशी लग्न केले की ती फ्रेंच राहत नसे. नवऱ्याचे नागरिकत्व तेच बायकोचे. पुढे युरोपातल्या अनेक देशांनी हाच नियम उचलला. ब्रिटनने १८७०च्या कायद्यात तो स्वीकारला. अमेरिकेने १९०७मध्ये आपल्या नागरिक स्त्रियांना तो लावला. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या एथेल मॅकेन्झी यांनी ब्रिटिश नागरिक असलेल्या पुरुषाशी लग्न केले होते. मतदार म्हणून नाव नोंदवायला त्या गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुम्ही आता अमेरिकन नाही. १९१५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. घर न सोडता ही बाई परदेशी झाली होती.

या नियमाविरुद्ध स्त्रियांच्या संघटनांनी दीर्घकाळ लढा दिला. अमेरिकेने १९२२मध्ये तो बराचसा मागे घेतला. विवाहित स्त्रियांच्या नागरिकत्वाविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९५७मध्ये झाला. लग्नामुळे स्त्रीचे नागरिकत्व आपोआप बदलणार नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले. भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यातही लग्न म्हणजे आपोआप नागरिकत्व असे समीकरण नाही. भारतीय व्यक्तीच्या परदेशी जोडीदाराने सात वर्षे इथे वास्तव्य केले, तर तो किंवा ती नोंदणीने नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते.

हा बदल न्याय्य होता, पण त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. जुन्या व्यवस्थेत बायको लग्नाबरोबरच नागरिक होत असल्याने तिला देशात येऊ द्यायचे की नाही, हा प्रश्नच नव्हता. आता एका घरात दोन पासपोर्ट आले. मग दुसऱ्या पासपोर्टवाल्याला घरात राहू द्यायचे का, हे ठरवणारा तिसरा माणूस संसारात शिरला. तो म्हणजे परवाना देणारा अधिकारी.

समानता आली, पण खाली ओढून

१९७० आणि ८०च्या दशकांतील ब्रिटनमध्ये हा अधिकारी फार कडक झाला. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला पुरुष परदेशातून बायकोला सहज आणू शकत असे. स्त्रीला नवरा आणणे मात्र अवघड होते. पुरुष आला की तो नोकरी मागणार आणि आधीच बेकारी आहे, असे सरकारचे म्हणणे होते. नर्गिस अब्दुलअझीझ, आर्सेली काबालेस आणि सोहैर बाल्कंदाली या ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या तीन स्त्रियांनी स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. मे १९८५मध्ये निकाल लागला, की हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. सरकारने भेदभाव दूर केला. पण स्त्रियांच्या वाटेवरच्या अटी काढण्याऐवजी त्याच अटी पुरुषांनाही लावल्या.

या काळातला आणखी एक नियम आपल्याकडच्या लोकांना विशेष जाचक ठरला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. ठरवून केलेल्या लग्नात हे सिद्ध कसे करणार? त्यातही नवरा बायकोकडे राहायला निघाला असेल, तर अधिकारी विचारत, ‘तुमच्याकडे तर मुलगी सासरी जाते, मग तूच का निघालास?’ आपल्याच रूढीचा आपल्याविरुद्ध पुरावा होई. हा नियम १९९७मध्ये नवे सरकार आल्यावर रद्द झाला.

सुरिंदर सिंग यांचा रस्ता

याच वातावरणात एक खटला उभा राहिला. सुरिंदर सिंग हे भारतीय नागरिक. ऑक्टोबर १९८२मध्ये ब्रॅडफर्ड इथे त्यांचे एका ब्रिटिश स्त्रीशी लग्न झाले. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग व्यवसाय सुरू करण्यासाठी ते ब्रिटनला परतले. पुढे संसार विस्कटला, घटस्फोटाची कारवाई सुरू झाली आणि सरकारने सिंग यांना देश सोडायला सांगितले. तोवर घटस्फोट अंतिम झालेला नव्हता. सिंग यांचे म्हणणे असे, की माझी पत्नी जर्मनीत नोकरी करून परतली आहे, त्यामुळे तिला युरोपियन समुदायाचा कायदा लागू होतो आणि तिच्यामुळे मलाही.

हे प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयाकडे गेले आणि ७ जुलै १९९२ रोजी निकाल लागला. (स्ट्रासबर्गचे न्यायालय मानवी हक्कांचे आणि लक्झेंबर्गचे आर्थिक समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपियन संघाच्या कायद्याचे. या दोन्हींची गल्लत नेहमी होते.) न्यायालयाचा तर्क असा होता. युरोपियन समुदायातल्या प्रत्येक नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात जाऊन काम करण्याचा हक्क आहे. माणूस एकटा जाणार नाही, त्याला जोडीदार आणि मुले नेता आली पाहिजेत. नाही तर तो हक्क कागदावर राहील. हे आधीच मान्य होते. न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. परत येताना आपल्याच देशात जोडीदाराला घेता येणार नाही, अशी भीती असेल, तर माणूस मुळात बाहेरच जाणार नाही. म्हणून दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला किमान तितके हक्क मिळाले पाहिजेत, जितके त्याला दुसऱ्या सदस्य देशात मिळाले असते.

तेव्हापासून ब्रिटिश वकिलांच्या भाषेत ‘सुरिंदर सिंग मार्ग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. नवरा-बायकोंना एकत्र आणणाऱ्या या मार्गाला ज्याचे नाव आहे, त्या माणसाचा स्वतःचा संसार मात्र निकालाआधीच संपला होता.

पुलापलीकडचे माल्मो

हा तर्क रोजच्या जगण्यात कसा उतरतो, हे सर्वांत स्पष्ट दिसते ओरेसुंडच्या सामुद्रधुनीवर. एका काठाला डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, दुसऱ्या काठाला स्वीडनचे माल्मो. १ जुलै २००० रोजी त्यांच्यामधला रस्ता आणि रेल्वेमार्ग खुला झाला. त्यात सुमारे आठ किलोमीटरचा पूल, एक कृत्रिम बेट आणि एक बोगदा आहे. माल्मोहून कोपनहेगनला रेल्वेने पोचायला पाऊण तासही लागत नाही. आपल्याकडे ठाण्याहून चर्चगेटला जाणारा माणूस याहून जास्त वेळ प्रवासात घालवतो.

पुलानंतर बरोबर दोन वर्षांनी, १ जुलै २००२ला, डेन्मार्कमध्ये नवा कायदा लागू झाला. परदेशी जोडीदाराला आणायचे असेल तर दोघांचेही वय २४ वर्षे पूर्ण हवे. दोघांचे मिळून डेन्मार्कशी असलेले नाते इतर कोणत्याही देशाशी असलेल्या नात्याहून घट्ट हवे. पुरेसे मोठे घर हवे. ५० हजार क्रोनरची बँक हमी हवी आणि डेन्मार्कमधल्या जोडीदाराने सरकारी मदत घेतलेली नसावी. स्थलांतरितांच्या घरांतल्या तरुण मुलामुलींना जबरदस्तीच्या लग्नापासून वाचवणे आणि नव्याने येणाऱ्यांचे समाजात सामिलीकरण सोपे करणे, हे उद्देश सरकारने सांगितले. जबरदस्तीची लग्ने हा खरा प्रश्न होता, हे नाकारता येत नाही. मात्र नियम सरसकट होता. तेवीस वर्षांची डॅनिश मुलगी स्वतःच्या मर्जीने ब्राझीलच्या मुलाशी लग्न करून आली, तरी तिला तोच लागू होता.

मग जोडपी पूल ओलांडू लागली. नॉर्डिक देशांमधल्या जुन्या करारांमुळे डॅनिश माणसाला स्वीडनमध्ये राहायला परवाना लागत नाही. तो तिथे गेला की युरोपियन कायद्याच्या भाषेत संचाराचा हक्क बजावणारा नागरिक ठरतो आणि त्याच्या जोडीदाराला त्याच्याबरोबर राहण्याचा हक्क मिळतो. नोकरी कोपनहेगनमध्येच राहते, बिऱ्हाड तेवढे माल्मोत हलते.

उस्मान बियाओ हे अशांपैकी एक. ते मूळचे टोगोचे आणि २००२मध्ये डॅनिश नागरिक झालेले. २००३मध्ये त्यांनी घानाच्या तरुणीशी लग्न केले. दोघांचे वय २४च्या वर होते; पण ‘दोघांचे नाते डेन्मार्कशी अधिक घट्ट नाही’ म्हणून पत्नीला परवाना नाकारला गेला. त्याच वर्षी दोघे माल्मोला राहायला गेले आणि तिथे त्यांना मूल झाले. याच सुमारास डेन्मार्कने कायद्यात एक सूट घातली. जो माणूस २८ वर्षे डॅनिश नागरिक आहे, त्याला ही ‘नात्याची’ अट नाही. जन्मापासून डॅनिश असलेल्याला ही सूट अठ्ठाविसाव्या वर्षी मिळे. बियाओ यांना ती मिळायला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले असते. डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयात ते २०१०मध्ये हरले. २४ मे २०१६ रोजी स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने १२ विरुद्ध ५ मतांनी निकाल दिला, की हा वांशिक मूळ पाहून केलेला अप्रत्यक्ष भेदभाव आहे. ‘नात्याची’ अट २०१८मध्ये गेली आणि तिच्या जागी सामिलीकरणाच्या वेगळ्या अटी आल्या. चोविसाची अट कायम आहे.

पगाराची अट

ब्रिटनचा अनुभव थोडा वेगळा. जबरदस्तीची लग्ने रोखण्यासाठी तिथेही २००८मध्ये जोडीदार आणण्याचे किमान वय २१ केले गेले. अंबर जेफ्री या ब्रिटिश विद्यार्थिनीचा नवरा चिलीचा होता. ते लग्न जबरदस्तीचे असल्याचे कोणीही म्हटले नव्हते. तरी तिला विद्यापीठातली जागा सोडून नवऱ्याबरोबर आधी चिलीला आणि नंतर आयर्लंडला जावे लागले. २०११मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि वय पुन्हा १८वर आले.

पुढच्याच वर्षी, ९ जुलै २०१२ला, दुसरी अट आली. परदेशी जोडीदार आणायचा असेल तर ब्रिटनमधल्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवे; परदेशी मूल बरोबर असेल तर २२,४०० आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे आणखी २,४००. जोडीदाराचा भार करदात्यांवर पडू नये, हा हेतू सांगितला गेला. पण बाहेरच्या जोडीदाराला ब्रिटनमध्ये भविष्यात जो पगार मिळू शकेल, तो धरला जात नसे. लंडनमधल्या बँकेत काम करणाऱ्याला ही अट जाणवलीही नाही. लहान गावात अर्धवेळ काम करणाऱ्या आईला ती ओलांडता येईना. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट तत्त्वतः वैध ठरवली; मात्र मुलांच्या हिताचा नीट विचार झालेला नाही, असा ठपकाही ठेवला. एप्रिल २०२४मध्ये ही रक्कम २९ हजार पौंडांवर नेण्यात आली.

२०१२नंतर अनेक ब्रिटिश जोडपी आयर्लंडला गेली. ब्रिटिश माणसाला तिथे राहायला-काम करायला परवानगी लागत नाही, भाषा इंग्रजी, डब्लिनहून आईवडिलांना भेटायला जाणे सोपे. काही महिने खरोखर तिथे राहायचे, काम करायचे, जोडीदाराचे निवासपत्र काढायचे आणि सुरिंदर सिंग मार्गाने परतायचे. ब्रिटनने २०१४पासून नियमांत भर घातली, की तुमच्या ‘आयुष्याचे केंद्र’ खरोखर तिकडे हलले होते का, हे तपासले जाईल. त्याच वर्षी लक्झेंबर्गच्या न्यायालयानेही स्पष्ट केले, की शनिवार-रविवारच्या फेऱ्या पुरेशा नाहीत. तीन महिन्यांहून अधिक खरेखुरे वास्तव्य आणि तिथे मांडलेला संसार हवा. ब्रिटन युरोपियन संघातून बाहेर पडल्यावर, ३१ डिसेंबर २०२०नंतर, हा रस्ता नव्या ब्रिटिश जोडप्यांना बंद झाला.

शेजाऱ्याला जास्त, घरच्याला कमी

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टीला कायद्याच्या अभ्यासात ‘उलटा भेदभाव’ म्हणतात. त्याचे आपल्या जवळचे उदाहरण पुण्यात सापडते. जर्मनीने २००७पासून नियम केला, की जर्मनीत राहणाऱ्याकडे येणाऱ्या जोडीदाराला प्राथमिक जर्मन आले पाहिजे. काही गटांना सूट आहे. म्हणून पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात पहिल्या पातळीच्या परीक्षेला बसणाऱ्यांमध्ये नुकती लग्न झालेली माणसेही असतात. आता दोन मैत्रिणींची कल्पना करा. एकीचा नवरा जर्मन, जर्मनीत राहणारा. दुसरीचा नवरा फ्रेंच, त्याच शहरात नोकरी करणारा. पहिलीने परीक्षा द्यायची, दुसरीने नाही. कारण फ्रेंच नवऱ्याने सीमा ओलांडली आहे आणि त्याच्या संसाराला युरोपियन कायद्याचे छत्र आहे. जर्मन नवरा आपल्याच घरी बसला आहे; त्याला घरचाच कायदा.

युरोपियन संघाने हे मुद्दाम केलेले नाही. लोकांच्या संचाराचे नियम संघ ठरवतो आणि स्वतःच्या नागरिकाने घरी कोणाला आणायचे, हे ज्याचा तो देश ठरवतो. या दोन अधिकारांमधल्या फटीत ही बिऱ्हाडे वसली आहेत.

फटीत राहण्याची किंमत

कायद्याने वाट दिली, तरी रोजचे जगणे सोपे होत नाही. माल्मोत राहून कोपनहेगनमध्ये काम करणाऱ्याचा सामाजिक विमा साधारणपणे कामाच्या देशात असतो. पण कामाचा पाव भाग किंवा त्याहून जास्त घरून केला, तर तो राहत्या देशाकडे वळू शकतो. बायको स्वीडिश शिकते आणि सासूशी बोलायला डॅनिश लागते. मुले स्वीडिश शाळेत जातात आणि सुटीत आजीकडे गेली, की त्यांच्या बोलण्याला नातेवाईक हसतात. जानेवारी २०१६मध्ये स्वीडनने डेन्मार्कहून येणाऱ्या गाड्यांत ओळखपत्र तपासणे बंधनकारक केले, तेव्हा रोजच्या प्रवासाला एकदम सीमेचे रूप आले. चार वर्षांनी साथीच्या काळात ते पुन्हा घडले.

सर्वांत नाजूक गोष्ट वेगळीच आहे. बाहेरून आलेल्या जोडीदाराचा राहण्याचा हक्क दुसऱ्याच्या हक्कावर टेकलेला असतो. नाते बिघडले, तर घराबरोबर देशही जाऊ शकतो. २००४च्या युरोपियन निर्देशाने याला काही आधार दिला आहे. लग्न किमान तीन वर्षे टिकले असेल आणि त्यातले एक वर्ष त्या देशात गेले असेल, तर घटस्फोटानंतरही राहता येते. घरगुती हिंसा सोसलेल्या व्यक्तीसाठीही तरतूद आहे. पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर कायमचा हक्क मिळतो. तोवर भांडणातही एकाच्या हातात पासपोर्टाचे जास्तीचे वजन असते. ज्या घरात मुलगी नवऱ्याच्या परवान्यावर परदेशी जाते, त्या घराने हे लग्नाआधी विचारून घेतलेले बरे.

आपला शेजार

आपल्या उपखंडात शेजारच्या देशात संसार करण्याचे सर्वांत मोकळे उदाहरण म्हणजे भारत-नेपाळ. १९५०च्या मैत्री करारामुळे दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, व्यवसायाची आणि येण्याजाण्याची मुभा आहे. बिहार-उत्तर प्रदेश आणि तराईतल्या या नात्याला ‘रोटी-बेटी’चे नाते म्हणतात. राहण्याचा प्रश्न इथे सुटला आहे. पण नागरिकत्वाचा प्रश्न १८०४च्या जवळपास अडकला आहे. नेपाळी पुरुषाची परदेशी बायको स्वतःचे नागरिकत्व सोडण्याची प्रक्रिया सुरू करून अंगीकृत नागरिकत्व घेऊ शकते. नेपाळी स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला लग्नाच्या आधारावर तशी वाट नाही. बेटी आली तर आपली, जावई मात्र परका. २०१५च्या नेपाळच्या राज्यघटनेने हा फरक कायम ठेवला आणि तिथल्या स्त्री संघटनांचा त्याला विरोध चालू आहे.

उपखंडातल्या इतर बहुतेक सीमांवर अशी मुभा नाही. भारतीय आणि पाकिस्तानी जोडीदारांपुढे सासर आणि माहेर हीच दोन टोके उरतात आणि दोन्ही व्हिसाच्या हाती असतात. मध्ये माल्मो नाही.

म्हणून या बिऱ्हाडांकडे केवळ नियमांना बगल देण्याची युक्ती म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्याला पलीकडची भाषा समजते, जिथे काम मिळते, ज्याच्या दारात पूल आहे, त्यालाच ती वाट खुली होते. नियमाचा खरा भार पडतो तो पुलापर्यंत पोचू न शकणाऱ्यांवर : ज्यांचा पगार अटीपेक्षा थोडा कमी आहे, ज्यांच्या घरी आजारी आई आहे, ज्यांचे मूल दहावीत आहे. त्यांचे संसार व्हिडिओ कॉलवर चालतात आणि ‘बिऱ्हाड केले’ असे त्यांच्याबद्दल कोणी म्हणत नाही, कारण केलेलेच नसते.